पोर्ट ब्लेअरला बघण्यासारखं

ब्याण्णवच्या सिंहस्थात नणंद अश्विनी भोपाळहून अख्खी कॉलनी घेऊन उज्जैनला शोभाकडे उतरली. "वहिनी, तुम्ही तर इथल्याच. तुमचं स्नान केव्हाही होईल," असं म्हणून रोज सगळ्यांना घेऊन क्षिप्रेवर जायची. शोभा महिनाभर पुऱ्या तळत राहिली. शाही स्नानाचा दिवसही तिचा कढईपुढेच गेला.

पुढे अश्विनीच्या नवऱ्याची बदली पोर्ट ब्लेअरला झाली. शोभाने आधी मिस्टरांच्या बँकेतल्या चार कुटुंबांची एलटीसी जुळवली आणि मगच नणंदेला फोन लावला. "वन्सं, आम्ही येतोय. सगळे आपलेच समजा."

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी बघून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विनीचा नवरा मंडळींना घेऊन रॉस बेटाच्या बोटीकडे निघाला. शोभा मात्र स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. आत अश्विनीच्या कपाळावरून घाम गळत होता आणि परातीत अजून ढीगभर कणीक होती.

"वहिनी, इतक्या लांब आलात, तुम्ही काही बघणार नाही का?"

"बघतेय ना, वन्सं. तुम्ही आरामात तळा."