खैरवाडीचा फाटा

फाट्यावर वळायचं सोडून बस जागीच थांबली. "खैरवाडीचा रस्ता नियोजनातून वगळला आहे. कृपया इथेच उतरा," ती म्हणाली. बसला चालक नव्हता. तिनं कुठं जायचं ते विभागाचं नियोजनयंत्र ठरवी.

"का वगळला?" कांचनबाईंनी विचारलं. त्या सुनेला आणि तीन महिन्यांच्या नातवाला सुनेच्या माहेराहून घरी आणत होत्या.

"यंदा गावातून सात तरुण स्त्रिया निघून गेल्या. जन्म एकही नाही. गाव ओस पडणार."

"निघून गेल्या? अगं, आमच्या सुना बाळंतपणाला माहेरी गेल्यात! पहिलटकरीण माहेरीच जाते, एवढंही तुला कुणी शिकवलं नाही?"

"नोंदीतल्या बदलासाठी अर्ज करा. निर्णय नव्वद दिवसांत कळेल."

कांचनबाई खाली उतरल्या. त्यांनी पदर खोचला, नातवाला कुशीत घेतलं आणि बसच्या पुढ्यात भर रस्त्यात फतकल मारली. माणूस आडवा आला की ही बस तसूभर हलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागं गाड्यांची रांग लागली.

"रस्त्यावरील दोन व्यक्तींनी बाजूला व्हावं," बस म्हणाली.

"मोजलंस ना नातवाला?" कांचनबाई गरजल्या. "मग वळ गावाकडं. अजून सहा बाळं यायचीत."