पंख मिटणारं, पंख पसरणारा

जाळीच्या पेटीसमोर बसून बसून दोर्कसच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. पेटीत फुलपाखरं होती आणि पतंगही. तेच निळे-काळे पंख, पोटापाशी तोच नारिंगी डाग. एक जरी पतंग निघाला, तरी बुलोलो गावचा फुलपाखरांचा व्यापारी अख्खा माल परत पाठवायचा.

तिचा नवरा गेयासी, त्यानेच तिला खूण शिकवली होती. दमून बसलं की फुलपाखरू पंख मिटतं, पतंग पसरून ठेवतो. म्हणून ते दमेपर्यंत नुसतं बघत राहायचं.

गेयासी आत्ताच रानातून परतला होता. रताळ्यांना हातही न लावता चटईवर आडवा झाला.

"झोपू दे गं त्याला," सासू म्हणाली. "कसा दमून पडलाय बघ."

दोर्कसने बघितलं. लग्नापासून तो अंगाचं मुटकुळं करून झोपायचा. आज उताणा होता, दोन्ही हात जमिनीवर सपाट पसरलेले.

"बरं नाही का रे तुला?"

डोळे न उघडताच त्याने विचारलं, "ते फुलपाखरू नि पतंग वेगळे कसे ओळखतेस गं तू?"

दमलेल्या दोर्कसने सवयीने सांगून टाकलं.

तो ऐकत राहिला. मग त्याने सावकाश दोन्ही हात मिटून घेतले.