एकेचाळिसावा दिवा

ठोसरांच्या टॅबवर चाळीस दिवे हिरवे होते आणि एकच लाल. त्या लाल दिव्यासाठी बिनतारी खात्याचे निरीक्षक ठोसर धापा टाकत डोंगरमाथ्यावर, ठकूबाई धिंदळेंच्या ओट्यावर आले.

"मावशी, खालच्या चाळीस घरांचे रेडिओ म्हणतात, हा चॅनेल रिकामा आहे. तुमचाच म्हणतो, कुणीतरी बोलतंय. बिघडलाय तो. बारा वाजता चॅनेल कंपनीला जाणार. तुमचं मत मी काढून टाकतो."

"बिघडलेला नाही. पल्याडच्या बंधाऱ्यावरून गोविंद मेंगाळ रोज पाण्याची उंची सांगतो. खालच्यांना डोंगर आड येतो, मला येत नाही."

ठोसरांनी तिथल्या रेडिओला कान लावला. खरखरीतून पुसट आवाज आला, "पाणी दोन हात चढलंय. खाली कळवा." कंपनीचे संदेश सुरू झाले की हा आवाज त्यांच्यात बुडणार होता.

ठोसरांनी नजर चुकवली. "काय करणार, नियम बहुमताचा आहे."

ठकूबाईंनी कोनाड्यातून नवऱ्याचा जुना वॉकीटॉकी काढला आणि त्याच चॅनेलवर लावला.

"अहो, बिनपरवाना बोललात तर आत टाकतील!"

"टाकू देत की." त्यांनी बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात गोविंदचा निरोप जसाच्या तसा सांगितला. मग पुन्हा सांगितला. बटण सोडलंच नाही.

टॅबवर एकेक करत चाळीसही दिवे लाल झाले.

ठकूबाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "आता म्हणा, सगळेच बिघडले."