वेलीचा सांधा

"हात लावू नका, मास्तर. झिलई कच्ची आहे, रंग पुसला जाईल," चितारीण म्हणाली आणि तिने जीभ चावली. ज्यांनी तिला कुंचला धरायला शिकवलं, त्यांनाच ती हे सांगत होती.

"बरं झालं सांगितलंस," मास्तर म्हणाले. चष्मा पुसून ते फिरत्या पाटावरच्या पाणी ओतायच्या चिनी मातीच्या जगासमोर बसले.

जगाच्या पोटाभोवती निळी वेल होती. वेल गोल फिरून स्वतःला येऊन मिळते तिथे सांधा दिसतोच. एखादं पान आखूड, एखादा फाटा कोंबलेला. मास्तरांना तो सापडला, तर तळाला कारखान्याचा शिक्का. नाही सापडला, तर काढणाऱ्याचं नाव. असं नाव आजवर दोघांचंच लागलं होतं, आणि त्यातले एक मास्तर स्वतः होते.

त्यांनी बोटाने पाट फिरवला. आधी कानामागे पाहिलं. सगळे तिथेच लपवतात. तिथे नव्हता. दुसऱ्या फेरीत चोचीखाली पाहिलं. तिसऱ्या फेरीत ते वेलीऐवजी चितारणीचे डोळे कुठे जातात ते पाहू लागले. तिने नजर आपल्या पायाच्या अंगठ्यावर रोखली.

"आटपा हो मास्तर!" भट्टीवाले काका दारातून ओरडले. "भट्टी पेटवायचीय. एका नवरीसाठी सगळं वऱ्हाड खोळंबलंय."

"खोळंबू दे."

चौथ्या फेरीत मास्तर सांधा शोधायचं विसरले. एका पानाची कड अळीने कुरतडलेली होती. तिथे ते हसले. पुढे वेलीचा एक तंतू आधार शोधत मोकळ्या पांढऱ्यात गेला होता आणि काहीच हाती न लागल्याने स्वतःभोवती गुंडाळला होता. तिथे पाट थांबला.

"हा कसा काढलास?"

"एका दमात. श्वास सोडला असता तर गेला असता."

मास्तर बराच वेळ बघत राहिले. चितारणीला राहवेना.

"मास्तर, सांधा तिथे..."

"खबरदार सांगितलंस तर!"

त्यांनी बाही कोपरापर्यंत सारली, रुंद तोंडातून हात आत घातला, जग मुठीवर उलटा तोलला आणि कोरा तळ तिच्यापुढे धरला.

"पूर्ण नाव लिही," ते म्हणाले. "आणि भरभर. हात म्हातारा आहे."