टेकडीवरची गळती

पाणीखात्याच्या थेसिकने टेकडीखालचा व्हॉल्व्ह आवळून बंद केला आणि ऑफिसात फोन लावला.

"साहेब, गळतीचा सेन्सर काय म्हणतोय?"

"झाला गप्प. सकाळपासून बोंबलत होता," पे साहेब म्हणाले. "आता वर जा, पाइप कुठे फुटलाय बघ. गळती आज शून्यावर पाहिजे मला."

नकाशात टेकडीवर झाडं होती. प्रत्यक्षात टेकडीवर वस्ती होती. पत्रे, ताडपत्र्या, जुन्या गोधड्या. नकाशा काढणारे कधी चढून आलेच नसणार.

पाइप फुटला नव्हता. सायकलच्या ट्यूबने आवळलेला एक जोड होता, आणि त्यातून निघालेली रबरी नळी थेट ओकबुन आजीच्या अंगणात. रोज ही माणसं करंगळीएवढी धार सोडून दबकत भरायची; सेन्सरला ऐकू जायचं नाही. आज किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस. रात्रभर मिठात मुरलेले कोबीचे गड्डे धुवायला त्यांनी नळी पूर्ण सोडली होती. अर्धा ढीग धुऊन झालेला, अर्धा तसाच. बायका कोरड्या नळीकडे बघत बसल्या होत्या.

"पाणीवाला ना तू? बरा आलास," आजी म्हणाली. "बघ बाबा, ऐन वेळी गेलं. वर्षाची किमची आहे, हिवाळाभर दुसरं काय खाणार आम्ही?"

"आजी, हे चोरीचं पाणी आहे."

"मग मीटर बसव की! मागून मागून थकलो. तुमचं ऑफिस म्हणतं, तिथे घरंच नाहीत, झाडं आहेत."

"झाडांना तरी पाणी घालतात रे मुडद्या," मागून एक बाई बोलली. बायका हसल्या. आजी हसली नाही.

फोन वाजला. "सापडली गळती?"

थेसिकने अंगणभर नजर फिरवली. "सापडली."

"बंद केलीस?"

"केली."

"शाबास!"

आजीने ऐकलं. किमचीच्या दिवशी दारी आलेल्याला घास भरवल्याशिवाय सोडत नाहीत. तिने न धुतलेल्या ढिगातल्या गड्ड्याचं एक पान ओढलं, लाल मसाला फासला, गुंडाळी केली.

"आ कर."

त्याने तोंड उघडलं. मीठ मेंदूपर्यंत गेलं. डोळ्यांतून धारा लागल्या, आणि कळायच्या आत तो बोलून गेला, "पाणी... पाणी द्या कुणीतरी."

अंगणातलं कुणीही उठलं नाही.