गिळलेले आकडे

"औषधाचं प्रमाण ठळक छाप, आयांना नीट दिसू दे," बालरुग्णालयातले औषधवाले दाभाडेकाका म्हणाले. म्हणून औषधांची लेबलं छापणाऱ्या सुरुचीनं संगणकातून जुन्या प्रिंटरला जाड अक्षरांचा कोड पाठवला. पहिलं लेबल छान काळंभोर निघालं. काकांनी ते बाटलीवर चिकटवून दिलं.

तासाभरानं दुसरं लेबल निघालं. स्क्रीनवर २.५ मिली होतं, कागदावर नुसतंच ५. सुरुचीनं प्रिंटरची माहितीपुस्तिका उघडली. या प्रिंटरला कोडनंतर आणखी दोन खुणा लागत होत्या. त्या मिळाल्या नाहीत, म्हणून त्यानं त्यांच्याऐवजी आकड्यातला दोन आणि टिंब गिळलं होतं.

"काका, पहिली बाटली कुणाची होती?"

"मुलाण्यांच्या तान्ह्या बाळाची. झटक्यांचं औषध, ०.५ मिली." बोलता बोलता काकांचा चेहरा उतरला. "मी लेबल वाचलंच नाही गं."

सुरुचीनं फोन लावला. बाळाच्या आईनं लगेच उचलला.

"औषध दिलंत का, ताई?"

"हो, मघाशीच. लिहिलंय तेवढं, पाच मिली, अगदी मोजून."

"बाळ कसं आहे?"

"किती दिवसांनी गाढ झोपलंय बघा," आई हरखून म्हणाली. "हलवलं तरी उठत नाही."