खाऱ्या काचा

मंडळी, जरा जवळ सरका. आख्यान नाही, चिमूटभर गोष्ट आहे.

आई गेल्यावर मी बाबांना समुद्रकाठच्या गावाहून माझ्या दोन खोल्यांत आणलं. गाव म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण इथे सहा वर्षांत त्यांनी गावाचं नावही काढलं नाही. "झकास आहे गं इथे," म्हणायचे आणि संध्याकाळी बागेत फिरून यायचे. देवाने त्यांचं मन इथे रमवलं, म्हणून मी रोज हात जोडायचे.

बाबा गेल्यावर महिन्याने मी गावची बस पकडली. तिकीट फाडता फाडता कंडक्टर म्हणाला, "तुमच्या गावचे एक आजोबा हल्ली दिसत नाहीत हो, ताई. रोज संध्याकाळी इथल्या स्टँडवर आमची गाडी गावाहून आली की काचेवर बोट फिरवून चाखायचे, खारट लागलं की खूश! मी म्हणायचो, आजोबा, आमच्या साहेबांपेक्षा तुमची तपासणी कडक. बसा की एकदा, नेतो गावी."

"मग?" मी विचारलं.

"कधीच नाही बसले. म्हणायचे, 'मी गेलो तर लेक एकटी जेवेल.'"



मायबापहो, आज ताटावर बसाल तेव्हा माझ्या बाबांची एकदा आठवण काढा.